आमचें परीक्षकपण

मनुष्यास स्वतः एखादें काम करण्याची जेवढी हौस असते, त्याहून दुसऱ्याच्या कामास गुण देण्याची हौस अधिक असते, असा आमचा अनुभव आहे. हा अनुभव आम्ही लोकांकडे पाहून सांगत नसून स्वतःच्या वर्तनावरून सांगत आहों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. या अंकासाठीं संगीताविषयीं कांहीं लिहावें अशी आज्ञा झाली, तेव्हां रागदारीवर चार विद्वत्तेच्या गोष्टी लिहून वाचकांस दिपवावें, असा मोह आम्हांस झाला होता. परंतु ज्या शाळेंत आम्ही शिकलों व जेथें सध्यां शिकवितों, तेथील मुलांच्या उपयोगी पडेल अशी आमच्यापाशीं एकच गोष्ट आहे, आणि ती आमच्या एका चुकीची आहे. तीच सांगतों.

२००८ सालची गोष्ट. आम्ही त्या वेळीं आठव्या इयत्तेंत होतों व आमची धाकटी बहीण पांचवींत होती. मिरजेस सतारी व तंबोरे करणाऱ्या कारागिरांची जी गल्ली आहे, तिच्याजवळच आमचें घर होतें. सकाळीं भोपळ्यावर चालणाऱ्या कानशीचा आवाज व संध्याकाळीं नव्या तारांचा झंकार, हें आमच्या बालपणाचें नित्याचें घड्याळ होतें. त्या पावसाळ्यांत झी मराठी वाहिनीवर ‘सा रे ग म प’ या गायनस्पर्धेचें ‘लिटल चॅम्प्स’ हें मुलांचें पर्व सुरू झालें, आणि गल्लींतील सर्व घड्याळें त्या कार्यक्रमाच्या वेळेवर लागलीं.

त्या पर्वाचें वेड महाराष्ट्रास किती लागलें होतें, हें आजच्या मुलांस सांगून पटावयाचें नाहीं. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करीत, अवधूत गुप्ते व वैशाली सामंत हे परीक्षक असत, आणि आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे व रोहित राऊत हीं जीं पांच मुलें शेवटपर्यंत टिकलीं, तीं घरोघरचीं होऊन गेलीं. तेथें अभंग होत, नाट्यपदें होत, भावगीतें होत. परंतु एखादें जुनें चित्रपटगीत सुरू झालें कीं आमच्या स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज थांबे. तीं गाणीं आई-बाबांच्या तरुणपणचीं होतीं, व आजीसही त्यांतलीं पुष्कळ पाठ होतीं. जे चित्रपट आम्हीं कधीं पाहिले नव्हते, त्यांचीं गाणीं आम्हांस प्रथम आमच्याच वयाच्या मुलांच्या तोंडून ऐकावयास मिळालीं.

आम्हां मुलांना याहूनही एका गोष्टीचें आकर्षण होतें. त्या स्पर्धेंत परीक्षक गुण देत ते आंकड्यांनीं नव्हे, तर स्वरांच्या नांवांनीं. ‘ध’ मिळाला तर बरें, ‘नि’ मिळाला तर उत्तम, आणि ‘वरचा सा’ मिळाला म्हणजे धन्य! ही रीत आम्हांस इतकी आवडली कीं वर्गांत गणिताची उत्तरपत्रिका हातीं आल्यावर मुलें एकमेकांस ‘तुला काय, म कीं प?’ असें विचारूं लागलीं. आम्हीं तर एक शंभर पानी वही घेऊन तिच्यांत प्रत्येक भागाची तारीख, गाणाराचें नांव, गाणें व आमचे स्वतःचे गुण लिहून ठेवण्याचा क्रम चालविला. परीक्षकांनीं ‘नि’ दिला असतां आम्हीं ‘ध’च दिला, असे प्रसंग तींत पुष्कळ होते, व त्यांचा आम्हांस मोठा अभिमान वाटे.

आतां आमच्याविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. सातवीपर्यंत शाळेच्या स्नेहसंमेलनांत पहिलें गाणें आमचें असे. आठवींत गेल्यावर एके दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं आमचा आवाज मध्येंच चिरकला, आणि पुढें तो सांवरेना. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला म्हणजे कंठ वाढतो, स्वरतंतू लांब व जाड होतात, आणि आवाज सुमारें एक सप्तक खालीं येतो, हें आज आम्ही वर्गांत शांतपणें सांगतों. परंतु ज्याच्यावर तो प्रसंग येतो, त्यास हें उतरणें जिन्यानें उतरल्यासारखें वाटत नाहीं, पाय घसरून पडल्यासारखें वाटतें. आमचे संगीताचे सर म्हणाले, “अरे, वर्षभर दम धर. आवाज स्थिर होऊं दे, मग पाहूं.” त्या वर्षीं संमेलनाच्या गाण्यांतून आमचें नांव वगळलें गेलें. आणि त्याच वर्षीं आमच्या धाकट्या बहिणीचा आवाज असा कांहीं उमलूं लागला कीं शेजारणी तिला दारांत थांबवून गाणें म्हणावयास लावीत. वाचकांनीं हीं दोन वाक्यें एकाशेजारीं एक ठेवून वाचावीं, म्हणजे पुढील प्रकार कसा घडला हें त्यांस समजेल. आम्हांस मात्र तें समजावयास पुष्कळ दिवस लागले.

श्रावणांतील एक संध्याकाळ. घरीं काका-काकू व चुलत भावंडें आलीं होतीं. कार्यक्रम ऐन रंगांत आला असतां भारनियमनाची वेळ झाली व टीव्ही बंद पडला. त्या काळीं भारनियमन हें पावसापेक्षांही नियमित असे. मेणबत्ती लागली, सर्वजण हळहळूं लागले, तेव्हां काका म्हणाले, “चला, आपणच घरांत स्पर्धा करूं.” पळीचा माईक झाला. परीक्षक कोणीं व्हावें, हा प्रश्नच नव्हता. वही घेऊन आम्ही खुर्चीवर बसलों, व आमची पेटी शेजारच्या स्टुलावर होती. आवाज गेल्यापासून आम्हीं ती उघडली नव्हती.

बाबांनीं एका हिंदी चित्रपटांतील गाणें म्हटलें, व त्यांतील अर्धे शब्द स्वतः रचून घातले. त्यांना आम्हीं ‘नि’ दिला. काकूंनीं जुनी लावणी म्हटली, त्यांनाही ‘नि’. चुलत भाऊ केवळ ओरडला, त्यास ‘ध’. मग बहीण पुढें आली. ‘जैत रे जैत’ या १९७७ सालच्या चित्रपटांतील, आशा भोसले यांनीं गाइलेलें एक गाणें तिनें निवडलें होतें. ना. धों. महानोर यांचे शब्द व हृदयनाथ मंगेशकर यांचें संगीत असलेलें तें गाणें आई रोज सकाळीं गुणगुणत असे. बहिणीनें पळी हातांत घेतली व पेटीकडे पाहून हळूच म्हटलें,

“दादा, सा दे ना.”

आम्हीं हाताची घडी घातली व म्हटलें, “परीक्षक सा देत नाहींत.”

सर्वजण हंसले. तिनें मनानेंच स्वर धरला. तो थोडा उंच धरला गेला. मुखडा ठीक झाला, परंतु अंतऱ्यांत आवाज ताणला गेला. तरी ती थांबली नाहीं. डोळे मिटून तिनें गाणें पुरें केलें. बाहेर पाऊस पडत होता. गाणें संपल्यावर क्षणभर कोणीच बोललें नाहीं. तो क्षण आम्हांस सहन झाला नाहीं, हें आज आम्ही स्पष्ट सांगूं शकतों. आम्हीं घसा खांकरला, व टीव्हीवरून उचललेली सर्व भाषा तिच्यावर रिती केली. “पट्टी चुकली. अंतऱ्यांत सूर लागला नाहीं. ओळीच्या शेवटीं स्वर सरळ थांबावयास हवा होता, तो घसरला. भाव कमी पडला.” आणि वहींत लिहितां लिहितां मोठ्यानें निकाल दिला: “ग!”

मोठा हंशा पिकला. तीही हंसली. मग तिनें पळी उचलून स्वयंपाकघरांत नेली, धुतली व जागच्या जागीं अडकवून ठेवली.

त्या दिवसापासून आमच्या घरांतील तिचें गाणें बंद झालें. ती रुसली नाहीं, रडली नाहीं, कोणापाशीं तक्रार केली नाहीं. शेजारणी म्हणत, “गाऊन दाखव ग,” तेव्हां ती म्हणे, “मला नाहीं येत.” प्रथम आम्हांस यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं. उलट, परीक्षकाचा शब्द मानला गेला याचें समाधानच वाटलें असावें. दिवाळीच्या सुमारास आजी एकदां म्हणाली, “घरांतला रेडिओ बिघडला वाटतं, सकाळचं कोणी गात नाहीं.” तेव्हां मात्र आम्हीं वहीवरून डोळे वर केले नाहींत.

२००९ च्या फेब्रुवारींत स्पर्धेची अंतिम फेरी झाली. आमच्या गल्लींतील एका तंबोऱ्याच्या कारखान्यांत मोठा टीव्ही आणून ठेवला होता, व सर्व गल्ली तेथें लोटली होती. मोबाइलवरून मतें पाठविण्याची धांदल तर इतकी कीं जेवणाचें भान कोणास नव्हतें. कार्तिकी गायकवाड विजयी ठरली तेव्हां फटाके वाजले. आमची बहीण आईच्या मांडीला टेकून बसली होती. पडद्यावर तिच्या आवडीचें गाणें लागे तेव्हां तिचे ओंठ घट्ट मिटलेले आम्हीं पाहिले.

त्याच रात्रीं आम्हीं आणखी एक गोष्ट पाहिली. जाहिराती लागल्या कीं कारखान्याचे मालक, ज्यांना आम्ही सर्वजण चाचा म्हणत असूं, एका नव्या तंबोऱ्याची जवारी लावीत बसत. घोडीवरून जाणाऱ्या तारेखालीं सुताचा एक बारीक धागा असतो; तो केसभर पुढें-मागें सरकविला कीं तारेचा आवाज पालटतो. चाचा धागा सरकवीत, तार छेडीत, कान लावीत, पुन्हां सरकवीत. आम्हीं विचारलें, “चाचा, हा तंबोरा चांगला झाला कीं वाईट?” ते मान वर न करितां म्हणाले, “अजून ऐकतोय, बेटा.” तीन जाहिराती होऊन गेल्या तरी त्यांचें ऐकणें चालूच होतें.

पुढच्या आठवड्यांत आम्ही आपली वही सरांना दाखवावयास घेऊन गेलों. सर मूळचे गोव्याचे. लहानपणीं गांवच्या चर्चच्या शाळेंत ते स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकले होते. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या गांवोगांवीं अशा शाळा असत, व त्यांतून तयार झालेल्या वादकांनीं पुढें मुंबईच्या चित्रपटसंगीतास मोठा हातभार लाविला. सरांनीं वही सावकाश चाळली. आम्ही शाबासकीची वाट पाहत होतों. त्यांनीं वही मिटली व विचारलें, “यांत गुण आहेत. गाणीं कुठें आहेत?”

आम्हांस प्रश्न समजला नाहीं. त्यांनीं एक नांव काढून विचारलें, “हें गाणें या मुलीनें म्हटलें, तेव्हां दोन कडव्यांच्या मध्यें कोणतें वाद्य वाजलें?” आम्हांस सांगतां येईना. “ताल कोणता?” सांगतां येईना. “मूळ गाणें कोणत्या चित्रपटांतलें, कोणत्या प्रसंगीं येतें?” तेंही येईना. गुण मात्र ‘ध’ दिला होता. सर रागावले नाहींत. म्हणाले, “शनिवारीं शाळा सुटल्यावर येत जा. गातां येत नाहीं तोंवर ऐकावयास शीक.”

त्या शनिवारांनीं आम्हांस जें दिलें तें कोणत्याच इयत्तेनें दिलें नाहीं. सर कॅसेट लावीत, एखादें गाणें चारपांच वेळां ऐकवीत, व मध्येंच थांबवून त्याची कुळकथा सांगत. चित्रपटांतील गाणें ही वस्तु किती हातांतून घडते, हें आम्हांस तेथें प्रथम कळलें.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट लागला. त्यांत सात गाणीं होतीं. त्या चित्रपटाची एकही प्रत आज शिल्लक नाहीं. त्या वेळीं गाणें आधीं मुद्रित करून ठेवण्याची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून प्रत्यक्ष गाई, व साथीचे वादक कॅमेऱ्यास दिसणार नाहींत अशा ठिकाणीं दडून वाजवीत. शेजारून आगगाड्या जात, म्हणून रात्रीं गाड्या बंद झाल्यावर चित्रण करावें लागे. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९३२ सालीं, आमच्या मिरजेपासून फार दूर नसलेल्या कोल्हापुरांत प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. त्यांत गोविंदराव टेंबे यांनीं संगीतही दिलें व राजाची भूमिकाही केली, आणि दुर्गाबाई खोटे यांनीं आपलीं गाणीं आपणच म्हटलीं. म्हणजे ज्याचा चेहरा त्याचाच आवाज, अशी तेव्हांची स्थिति होती.

१९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें ‘धूप छांव’ या चित्रपटांत पार्श्वगायनाचा उपयोग केला, आणि आवाज चेहऱ्यापासून निराळा झाला. पुढें पुढें तर गाणाऱ्याचें नांवही लोकांस कळेनासें झालें. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटांतील लता मंगेशकर यांच्या सुप्रसिद्ध गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर लताबाईंचें नांव नव्हतें. चित्रपटांतील पात्राचें ‘कामिनी’ हें नांव छापलेलें होतें! ही कोण गाते, असें श्रोत्यांनीं विचारूं लागावें, तेव्हां कोठें तो आवाज कोणाचा हें जगास समजावें, अशी ती गंमत होती.

“आणि आतां पाहा,” सर म्हणाले, “तुमच्या स्पर्धेंत काय होतें? चेहरा आणि आवाज पुन्हां एकत्र येतात. पोर पांचपंचवीस दिव्यांखालीं उभी राहते आणि गाते. पण तिचा मुकाबला कोणाशीं, हें तुझ्या वहींत आहे का?”

हा मुद्दा आम्हांस तेव्हां अर्धाच कळला; आज पुरता कळतो. मूळ गाणें म्हणजे एका गळ्याचें काम नव्हे. कवि शब्द लिहितो, संगीतकार चाल लावतो, मधले संगीताचे तुकडे दुसराच कोणी रचतो, दहावीस किंवा साठसत्तर वादक तालीम करतात, ध्वनिमुद्रक प्रत्येक वाद्याचें अंतर मोजून माईक ठेवतो, आणि मनासारखें होईपर्यंत गाणें पुन्हां पुन्हां मुद्रित होतें. त्यांतील सर्वांत चांगली आवृत्ति तेवढी आपल्या कानीं येते. सेबॅस्टियन डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधले. गोव्यांतील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविलें, व त्या गुरूचें नांव प्यारेलाल यांच्या संगीतांत १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यांत अमर झालें. हीं नांवें घेतांना सरांचा आवाज किंचित् हळू होई. दहा वर्षांचें मूल जेव्हां असलें गाणें स्पर्धेंत म्हणतें, तेव्हां एका बाजूस त्याचा एकच श्वास असतो, व दुसऱ्या बाजूस हें सारें गणगोत असतें. तरीही तें मूल गातें, यांतच अर्धें यश आहे.

शेवटीं एका शनिवारीं सरांनीं ‘जैत रे जैत’ची कॅसेट काढली. आमच्या छातींत धस्स झालें. कर्नाळ्याच्या परिसरांतील ठाकरांची ती कथा, गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनीं चित्रपट केलेली. सर म्हणाले, “पांच वेळां ऐक. जें ऐकूं येईल तें लिही. चांगलें, वाईट हे दोन शब्द लिहावयाचे नाहींत.” आम्हीं ऐकलें. पहिल्या खेपेस चार ओळी लिहिल्या, दुसऱ्या खेपेस अर्धें पान. पांचव्या खेपेस ओळीच्या शेवटाकडे आमचें लक्ष गेलें. तेथें स्वर सरळ थांबत नव्हता. पानावरून थेंब ओघळावा तसा तो खालच्या स्वरावर उतरत होता. आम्हीं कॅसेट मागें नेऊन पुन्हां ऐकली. संशयास जागा नव्हती. ज्या जागेस आम्हीं ‘स्वर घसरला’ म्हटलें होतें, ती मूळ गाण्यांतलीच जागा होती. आईच्या तोंडून रोज ऐकून बहिणीनें ती जशीच्या तशी उचलली होती. तिच्या कानानें जें टिपलें तें आमच्या कानास ऐकूंच आलें नव्हतें.

मग उरली ती पट्टीची चूक. ती खरी होती. परंतु ती कोणाची? तिनें ‘सा’ मागितला होता. पेटी आमच्या हाताशीं होती. टीव्हीवरील स्पर्धेंत गाणाऱ्या मुलाच्या पाठीशीं अख्खा वाद्यवृंद असतो. तो आधीं स्वर देतो, मग गाणें सुरू होतें. आम्हीं ‘सा’ दिला नाहीं, आणि ‘ग’ मात्र उदारपणें दिला!

घरीं येतांना त्या तेवढ्या वाटेंत आम्हीं स्वतःस विचारलें कीं बाबांस ‘नि’ व तिलाच ‘ग’ कां दिला. उत्तर फार दूर नव्हतें. आमचा आवाज गेला होता व तिचा आला होता.

ती अंगणांत अभ्यास करीत बसली होती. क्षमा मागण्याची भाषा टीव्हीवरील परीक्षकांकडून आम्ही शिकलों नव्हतों. आम्हीं एवढेंच म्हटलें, “ती ओळीच्या शेवटची जागा तुझी बरोबर होती. चूक ऐकणाऱ्याची होती.”

तिनें वहींतून डोळे वर केले. “आणि पट्टी?”

“तीही ऐकणाऱ्याचीच. पेटी त्याच्याजवळ होती.”

ती कांहीं बोलली नाहीं. लगेच गाऊं लागली, असें लिहिलें असतें तर ही गोष्ट गोड झाली असती. परंतु तसें घडलें नाहीं. फाल्गुन गेला, चैत्र गेला. आम्हीं मात्र एक केलें. रोज संध्याकाळीं पेटी उघडून नुसता ‘सा’ धरून बसूं लागलों. कोणास बोलावलें नाहीं, कांहीं सुचविलें नाहीं. आमचा स्वतःचा आवाजही त्या स्वरापाशीं हळूहळू स्थिर होऊं लागला. मृगाच्या पहिल्या पावसाच्या दिवशीं ती दोरीवरचे कपडे गोळा करीत होती. आम्ही आंत पेटीवर बसलों होतों, व अंगणांतून तोच ‘सा’ धरून तेंच गाणें ऐकूं आलें. हात जागीं ठेवून आम्ही बसून राहिलों. अंतरा या खेपेस ताणला गेला नाहीं. गाणें संपल्यावर कोणी टाळी वाजविली नाहीं, व कोणीं गुणही दिले नाहींत. आजी माजघरांतून एवढेंच म्हणाली, “लागला बाई रेडिओ.”

यावरून स्पर्धा वाईट, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. तसें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. टीव्ही येण्यापूर्वींपासून स्पर्धांनीं गायक पुढें आणले आहेत. १९५७ सालच्या मेट्रो-मर्फी स्पर्धेंत महेंद्र कपूर पहिले आले, व दोनच वर्षांनीं ‘नवरंग’ चित्रपटांत त्यांचा आवाज देशभर पोहोंचला. १९९६ सालीं दूरदर्शनवरील ‘मेरी आवाज़ सुनो’ या स्पर्धेनें सुनिधि चौहान पुढें आली. १९९५ सालीं सुरू झालेल्या हिंदी ‘सा रे ग म’मध्यें श्रेया घोषाल विजयी ठरली, आणि २००२ सालच्या ‘देवदास’मधील गाण्यानें तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्यासारख्या हजारों घरांत जुन्या चित्रपटांचीं विसरलेलीं गाणीं या स्पर्धांनींच पुन्हां आणलीं. ‘जैत रे जैत’चें नांव आज आठवींतल्या मुलास ठाऊक असतें तें पुष्कळ अंशीं त्यांच्यामुळेंच. जाणत्या परीक्षकाचा एखादा शब्द तर गाणाऱ्यास जन्मभर पुरतो. दोष असतो तो आपल्या खुर्चीवर बसण्याच्या घाईंत. परीक्षकानें आयुष्यभर ऐकून मिळविलेला अधिकार आपण दिवाणखान्यांत बसून दोन मिनिटांत घेऊन टाकतों, व तो चालविण्यास पहिलें मूल सांपडतें तें आपल्याच घरचें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाचें गाणें ऐकून झाल्यावर ‘टीव्हीवरचा तो मुलगा कसा गातो पाहा’ हें वाक्य शक्य तों टाळावें. त्या मुलाच्या मागें कोण कोण उभे असतात, हें वर सांगितलेंच आहे. मुलांस सांगणें असें कीं दुसऱ्याच्या गाण्यांत चूक दिसली, तर प्रथम मूळ गाणें पांच वेळां ऐकावें. पुष्कळ चुका तेवढ्यानेंच नाहींशा होतात.

आमचे सर आतां हयात नाहींत. त्यांचें व्हायोलिन शाळेच्या संगीतखोलींत आहे. बहीण पुण्यास नोकरी करते. ती गायिका झाली नाहीं, व तसें होण्याची तिची इच्छाही नव्हती. परंतु तिच्या तीन वर्षांच्या मुलीस झोपवितांना ती गाते, असें आई फोनवर सांगते. ती शंभर पानी वही आम्हीं जपून ठेविली आहे. तिच्या पुढल्या बाजूस गुण आहेत व मागल्या बाजूस गाणीं आहेत.

गेलीं कांहीं वर्षें शाळेच्या गायनस्पर्धेचें काम आमच्याकडे आहे. मुलें मंचावर येतात, तेव्हां परीक्षकांच्या टेबलावर गुणपत्रिकेच्या आधीं पेटी ठेविलेली असते. प्रत्येक मुलास आम्ही प्रथम विचारतों, “तुझी पट्टी कोणती?” ज्यास ठाऊक नसेल त्यास शोधून देतों, त्याचा ‘सा’ धरतों, आणि तो स्वर त्याच्या गळ्यांत नीट बसेपर्यंत थांबतों. त्यामुळें कार्यक्रमास अर्धा तास उशीर होतो, अशी तक्रार दरवर्षीं येते. ती आम्हांस मान्य आहे.